गाडी न येणारं स्टेशन

भाकऱ्या भाजून झाल्या असतील तर चुलीतली लाकडं मागे ओढा आणि जरा टेका. दोडामार्गहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आज आम्ही रेल्वेवर बोलणार म्हटल्यावर बैठकीत हशा पिकला. एक म्हणाली, "आमच्याकडे यष्टी वेळेर येणा नाय, आणि तुमी रेल्वेर काय बोलतल्यात?" तिचं खोटं नाही. कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली, पण ती आपल्या तालुक्याला शिवून गेली नाही. सावंतवाडी रोड झालं, मडुरं झालं, की गाडी सरळ गोव्यात पेडण्याला उतरते. मुंबईला जायचं तर आपण सावंतवाडीला जातो, नाहीतर सरहद्द ओलांडून थिवीला. म्हणजे आपली गाडीसुद्धा दुसऱ्या राज्यात येते आणि आपण तिला गाठायला जातो.

पण ज्या स्टेशनाची गोष्ट सांगायची आहे ते थिवी नाही. ते कुळे. डिचोली, साखळी, उसगाव, धारबांदोडा, मोले असं करत गेलं की सह्याद्रीच्या पायथ्याशी कुळे लागतं. दूधसागरला गेलेल्यांना ठाऊक असेल, धबधब्याच्या जीपगाड्या तिथूनच सुटतात. पावसाळा सरल्यावर आमच्या गटाची सहल तिकडे गेली होती. जीपचा नंबर लागायला वेळ होता, म्हणून डबे उघडून आम्ही स्टेशनाकडे बसलो. तेवढ्यात एक मालगाडी घाट चढायला निघाली. मागूनही इंजिनं लावलेली, पुढून ओढायची, मागून ढकलायची. गाडी एवढी लांब की आमच्यातल्या एकीने डबे मोजायला घेतले आणि मधेच चुकली.

आमच्यात एक आजी आहेत. माहेर त्यांचं त्याच भागातलं, लग्न होऊन दोडामार्गात आल्या. एरवी सहलीत सर्वांत बडबड त्यांचीच. त्या दिवशी मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "आमी ल्हान होतो तेव्हा ह्या घाटातून गाडी येय नव्हती. रूळ होते, स्टेशन होता. गाडी नाय."

आम्हाला ते पटेना. रूळ आहेत, स्टेशन आहे आणि गाडी नाही, असं कसं? दरड पडली होती? पूल वाहून गेला होता? आजी म्हणाल्या, "तसा काय नाय गो. सरहद बंद केली."

घरी आल्यावर आम्ही या रेल्वेची माहिती गोळा करायला बसलो. थोडं वाचलं, थोडं शाळेतल्या बाईंना विचारलं.

ही रेल्वे कोकण रेल्वेच्या शंभर वर्षांहून आधीची. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांनी एक करार केला. गोव्यातल्या मुरगाव बंदरापासून घाट चढून इंग्रजांच्या मुलखापर्यंत रूळ टाकायचे आणि पुढे हुबळीकडच्या रेल्वेला जोडायचे, असं ठरलं. धारवाडकडचा कापूस आणि धान्य या वाटेने बंदरात यावं, ही आशा. काम करायला लंडनमध्ये कंपनी निघाली. तिच्या भांडवलावर ठरावीक व्याज देण्याची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली. हमी म्हणजे काय ते बचत गटातल्या बाईला सांगायला नको. कर्ज काढणारीने हप्ता चुकवला तर कोणाच्या दारात येतात, ते आपण पाहिलंय. इथेही तेच झालं. अपेक्षेएवढा माल काही या वाटेला आला नाही, तो मुंबईकडे जात राहिला, आणि व्याजाचा भार सरकारवर पडत राहिला.

या करारात रेल्वेच्या जोडीला मीठही होतं. ते आपल्या स्वयंपाकघरातलं, म्हणून त्यावर जरा थांबतो. इंग्रजांच्या मुलखात मिठावर जबर कर होता आणि गोव्यात मीठ स्वस्त. ते सरहद्दीवरून चोरून आत येतं, ही इंग्रजांची डोकेदुखी. करार झाला तसा गोव्यातल्या मिठागरांवर इंग्रज अधिकाऱ्यांचा ताबा आला. माडावरच्या सुरेवर आणि दारूवरही इंग्रजी पद्धतीचा कर बसला. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळायचे. मिठागरात पाय भाजून घेणाऱ्या बाईला आणि माडावर चढणाऱ्या तिच्या घोवाला त्या ४ लाखांतलं काय मिळालं असेल, ते तुम्हीच ओळखा.

पण त्या कराराने एक गोष्ट लोकांच्या बाजूची केली. दोन्ही मुलखांमधली जकात उठली. मीठ-दारू सोडली तर बाकीचा माल इकडून तिकडे जायला मोकळा झाला. दार उघडं राहणार या भरवशावर रूळ टाकायला घेतले. रस्ता सोपा नव्हता. कुळ्याहून वर कॅसल रॉकपर्यंतचा घाट सुमारे २६ किलोमीटरचा. बोगदे, पूल, दरी, आणि मधोमध दूधसागर. चढ ३७ ला १ असा, म्हणजे ३७ पावलं पुढे गेलात की एक पाऊल वर. डोक्यावर हंडा घेऊन चढणाऱ्या आपल्याला हे काहीच वाटणार नाही, पण आगगाडीला हा मोठा चढ. घाटाला नाव दिलं पोर्तुगालच्या राजघराण्याचं, ब्रागांझा घाट. १८८७ मध्ये मुरगावहून सावर्ड्यापर्यंत गाडी धावली आणि १८८८ मध्ये ती घाट चढून गेली. मुरगाव ते सरहद्द सुमारे ८२ किलोमीटर.

आणि बघा हं, १८९२ मध्ये तो करार संपला. बारा वर्षांचा होता, पुढे चालू ठेवला नाही. गाडी घाट चढायला लागून चारच वर्षं झाली होती. आता जकात परत आली. खाली कुळ्याला पोर्तुगीजांचा जकात नाका, वर कॅसल रॉकला इंग्रजांचा. ज्या स्टेशनावरून मोकळं जायचं म्हणून एवढा डोंगर फोडला, त्याच स्टेशनावर उतरून बोचकी सोडून दाखवायची वेळ आली.

आमच्या मते या स्टेशनाची खरी गोष्ट इथे सुरू होते. कुळे हे गाव लहान, चारी बाजूंनी रान. पण मुंबईहून, पुण्याहून, बेळगावहून आगगाडीने गोव्यात येणारा प्रत्येक माणूस तिथे थांबायचाच. गाडी उभी राहायची, पोलीस चढायचे, ट्रंका उघडायच्या. माहेरी जाणाऱ्या बाईच्या ट्रंकेत असून असून काय असणार? दोन लुगडी, मुलांना खाऊ, आईसाठी एखादं पातळ. तेही कोणीतरी वर-खाली करून बघायचं.

१९४६ मध्ये हे स्टेशन देशभर गाजलं असणार. त्या वर्षी १८ जूनला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली. त्यांना पकडून बाहेर काढलं. सप्टेंबर अखेरीस ते परत निघाले, रेल्वेने. पोलिसांनी त्यांना मडगावला पोचूच दिलं नाही, कुळे स्टेशनातच धरलं आणि आग्वादच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. वेशीवरचं स्टेशन असलं की असंही होतं. येणारा कोण, त्याला आत घ्यायचं की नाही, हे तिथल्या फलाटावर ठरतं.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला, गोवा राहिला. आता कॅसल रॉकला तिरंगा आणि कुळ्याला पोर्तुगीजांचं निशाण, पण गाडी चालूच होती. गोव्याच्या हद्दीतली रेल्वे चालवण्याचं काम १९०२ पासून आपल्या बाजूची रेल्वेच करत होती. लोक ये-जा करत होते. आजींची आई याच गाडीने आपल्या बहिणीकडे जायची. बहीण दिलेली वर घाटमाथ्यावर, लोंढ्याच्या बाजूला. "सकाळी बसली की जेवणाआधी मावशेकडे," असं आजी सांगतात. मावशीकडून येताना ज्वारी आणि लोणी यायचं, इथून नारळ आणि सोलं जायची.

मग १९५५ साल आलं. गोवा मुक्त व्हावा म्हणून देशभरातून सत्याग्रही सरहद्दीवर आले, हातात काठीसुद्धा नाही. १५ ऑगस्टला ते ठिकठिकाणांहून आत शिरले. आपल्या बांद्याजवळ पत्रादेवीला जे घडलं ते आपल्या भागात अजून सांगतात. तिथे सागरकडून आलेली सहोद्राबाई राय नावाची बाई तिरंगा घेऊन पुढे झाली आणि तिच्यावर गोळ्या झाडल्या. ती वाचली आणि पुढे लोकसभेत निवडून गेली. पत्रादेवीच्या स्मारकाकडून आपण म्हापशाला जाताना गाडीतून नुसता हात जोडतो. एकदा उतरून बघायला हवं, हे आम्ही स्वतःलाच सांगतोय. तिकडे कॅसल रॉकच्या बाजूने एक तुकडी रुळावरूनच चालत निघाली होती. त्यांच्यावर बोगद्यात गोळीबार झाला. ज्या बोगद्यातून आजींची आई नारळ घेऊन जायची, त्यातच माणसं पडली. त्या एका दिवसात सगळ्या नाक्यांवर मिळून वीसहून अधिक सत्याग्रही मेले.

त्यानंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली. सरहद्द ओलांडणारी गाडी बंद झाली. मुंबईत कामाला असलेल्या गोवेकरांच्या घरी येणारे पैसे अडले. गोव्याने माल बाहेरून आणायला सुरुवात केली. बटाटे हॉलंडचे, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. विचार करा, घाटाच्या वर बेळगावात बटाट्यांचे ढीग आणि घाटाखाली बोटीतून आलेला परदेशी बटाटा. पोर्तुगीजांना वाकवायचं तर असं काहीतरी करावं लागणारच होतं, हे आम्हाला कळतं. त्याला चूक म्हणायला आम्ही बसलो नाही. पण नाकेबंदी सरकारवर घातली तरी ती आधी चुलीवर येते, हेही आम्हाला कळतं.

आजींनी त्या दिवशी सांगितलं ते यातलंच. कुळ्यापुढचा घाट ओस पडला. करंझोळ, दूधसागर ही रानातली लहान स्टेशनं, त्यांना तर रस्ताही नाही, गाडी हाच त्यांचा रस्ता. रुळांमध्ये गवत वाढलं. मुलं सुरुवातीला रुळाला कान लावून बघायची, गाडी येते का. नंतर त्यांनी तेही सोडलं. मावशी वर आणि आई खाली, मध्ये २६ किलोमीटरचा घाट. आजींच्या आजीला, म्हणजे त्या दोघी बहिणींच्या आईला, त्याच वर्षांत देवाज्ञा झाली. खालच्या लेकीने पाणी पाजलं. वरच्या लेकीला कळलं ते कोणा आडवाटेने आलेल्या माणसाकडून, दिवस-बारावं उरकल्यावर. पुढे दोघी भेटल्या तेव्हा मावशी आधी काही बोललीच नाही. स्वयंपाकघरात गेली, आईची घडवंची जिथे असायची तिथे जाऊन बसली. हे सांगताना आजींचा आवाज तसाच होता, जसा रोज असतो. आमच्यातल्याच दोघी-तिघी पदर डोळ्याला लावून बसल्या.

सहा वर्षांहून अधिक काळ असा गेला. मग १९६१ चा डिसेंबर. १८ तारखेच्या पहाटे भारतीय सैन्य गोव्यात उतरलं, ते आपल्या दोडामार्गच्या बाजूनेही. १९ डिसेंबरला गोवा मोकळा झाला आणि पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, घाटातून गाडी परत सुरू झाली. मीटरगेजची लहान गाडी १९९० च्या दशकापर्यंत चालली, मग रूळ बदलून रुंद केले. आता त्याच घाटातून मुरगाव बंदरावरचा कोळसा वर जातो. अजून एक रूळ टाकायचा की जंगल राखायचं यावर गोव्यात मोठं आंदोलन झालं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तो विषय एका दिवसाचा नाही, पुन्हा कधी बोलू.

जकात नाका मात्र १९६१ नंतर उरला नाही. तपासायचंच काही राहिलं नाही. गाडी थांबते, माणसं उतरतात, चढतात, ट्रंक कोणी उघडत नाही. आपण तिथे डबे उघडून बसलो होतो ना, तिथे बसायला एके काळी कागद लागत होता.

हे सगळं आत्ता का सांगतोय? तर २०२० मुळे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आपल्या नाक्यावर बांबू आडवे आले. आपल्यासाठी गोवा म्हणजे परमुलूख नव्हेच. आपली मुलं डिचोली, म्हापसा, पर्वरीकडे कारखान्यांत, हॉटेलांत, दुकानांत कामाला. आपल्या भाज्या, आपली केळी, आपले काजू तिकडच्या बाजारात. दुखणं झालं की आपण तिकडेच धावतो. कितीतरी जणींचं माहेर तिकडे. रोज मोटारसायकलवरून पंधरा-वीस मिनिटांत जायची वाट, आणि एका रात्रीत ती बंद झाली. रोगाला अडवायचं होतं, ते योग्यच. पण आमच्या गटातल्या एकीची सून तेव्हा दिवसांत होती. तिचं नाव गोव्याकडच्या दवाखान्यात घातलेलं, कागद सगळे तिथले. कळा सुरू झाल्यावर नाक्यावर गाडी थांबवली. शिपाई म्हणाला, पास दाखवा. पास काढायचा कसा ते कोणालाच माहीत नव्हतं. अर्ज फोनवरून भरायचा, आणि घरात एकच साधा फोन. इकडून फोन, तिकडून फोन, यात दीड तास गेला. ती गाडीत मागे आडवी, सासू तिचा हात धरून. शेवटी सोडलं. बाळ सुखरूप झालं, आता शाळेत जातं, त्याची काळजी करू नका.

पण त्या दीड तासात सासूबाई काय म्हणाल्या ते आम्ही विसरलो नाही. "ह्या रस्त्यार मी तीस वर्सां चल्लंय. आज माका इचारतत, तू खंयची?"

कुळ्याच्या फलाटावर आजी बोलल्या तेव्हा आम्हाला हेच आठवलं. दोन्ही वेळा कारणं वेगळी, दोन्ही वेळा बंद करणाऱ्यांकडे सांगायला कारण होतं. पण दोन्ही वेळा वाट कोणाची होती, तिच्यावर कोण चालत होतं, हे कागदावर कुठेच नव्हतं. सरकारी नकाशात आपली सरहद्द आहे, पण त्यावरून रोज पाच वाजता दुधाचे कॅन घेऊन कोण जातं, कोणाची मुलगी पलीकडच्या कॉलेजात शिकते, कोण डायलिसिसला जातं, ते नाही. मग बंद करताना ते कोणाच्या ध्यानात कसं येणार?

म्हणून आमच्या गटाने एक काम हातात घेतलंय. वही घातली आहे. प्रत्येक घरातून कोण कोण सरहद्द ओलांडतं, कशासाठी, आठवड्यातून किती वेळा, हे लिहितो. नोकरी, बाजार, दवाखाना, शाळा, माहेर असे रकाने केलेत. माहेर हा रकाना ठेवायचा की नाही यावर बैठकीत वाद झाला. कोणी म्हणाली, हे सरकारला दाखवायचं तर माहेर कशाला? आजी म्हणाल्या, ठेवा. ठेवला. तीन वाड्या झाल्या आहेत. माहेरचा रकाना सगळ्यांत आधी भरतो.

त्याच्या जोडीला एक फाइल केली आहे. गरोदर बाया, रोज गोळ्या लागणारे, ऑपरेशन ठरलेले, यांच्या कागदांच्या झेरॉक्स एका पिशवीत. आधार, दवाखान्याचं कार्ड, डॉक्टरचं पत्र, जवळच्या माणसाचा फोन नंबर. पिशवी आशाताईंकडेही ठाऊक आहे. फोनवरून अर्ज भरायला कॉलेजच्या दोन मुली तयार केल्यात. पुन्हा काही बंद पडलं तर निदान कागद शोधण्यात वेळ जाऊ नये.

ज्या गटांना ही वही करायची असेल त्यांनी आमच्याकडून रकाने मागून घ्या. आणि घरात सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेली कोणी असेल, माहेर गोव्याचं असेल, तर १९५५ ते १९६१ मध्ये त्या कुठे होत्या, तेव्हा नाक्यावरून कोण कसं जायचं, ते विचारून ठेवा. सांगतील त्याच शब्दांत फोनवर घ्या, शुद्ध करत बसू नका. आमच्या आजींचं आम्ही घेतलंय, पण मधेच त्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "ह्यातून मावशेक ऐकाक येयत काय?" मावशी जाऊन वीस वर्षं झाली. तो भाग आम्ही पुसलेला नाही.

पुढच्या वेळी काजूच्या बोंडांवर बोलू. लोणचं फसलेल्यांनी बरण्या फेकू नका, त्यावर इलाज आहे. नमस्कार.